विहिरीतली बाई आणि तीनशे भोकं

"विहिरीत बाई आहे!"

प्रणोती धावत आली ती थेट आल्हादच्या पाठीवर आदळली. हातात रिकामी बादली, एक पाय अनवाणी आणि तोंडाचा रंग पार उडालेला.

"आंघोळ करून राहिली का?" आल्हादनं विचारलं. तो कूलरसमोर पालथा पडून सहलीची यादी करत होता आणि यादीत अजून फक्त खायचे पदार्थ होते.

"दादा, हसू नको! नुसतं तोंड आहे! पिवळं! डोळे उघडे!"

स्वानंदीनं पेन्सिल खाली ठेवली. तिचं वय तेरा. आल्हाद तिचा मावसभाऊ, बारा वर्षांचा. प्रणोती त्याची बहीण, दहाची. दर मे महिन्यात ही दोघं कांचघरहून चेरीतालला स्वानंदीकडे राहायला येत आणि तिघांचा मुक्काम दिवसभर शेजारच्या सुहृद मंडळाच्या सभागृहात असे. कूलरमध्ये पाणी भरायची आज प्रणोतीची पाळी होती. नळ एक दिवसाआड येई, म्हणून सगळी गल्ली मंडळाच्या विहिरीवर अवलंबून होती.

"चलो, बघू तर," स्वानंदी म्हणाली.

बाहेर टळटळीत दुपार होती. बारा वाजत आलेले. रस्त्यावर चिटपाखरू नाही, दारं-खिडक्या बंद, गरम वाऱ्यानं कवठाची वाळकी पानं फरशीवर खरखरत फिरत होती. विहिरीतल्या पंपाची मोटर लांबूनच घुमत होती. ती तिघं दहा पावलांवर आली आणि मोटर एकदम गप्प झाली.

आणि मग विहिरीतून सुस्कारा आला.

"हूऽऽऽऽ... हंऽऽऽ..."

अगदी माणसाचा! दिवसभर राबून कुणी बाई भिंतीला टेकावी, तसा. तिघं बराच वेळ जागच्या जागी खिळून राहिली. मग स्वानंदी पुढं झाली, म्हणून बाकीच्यांना व्हावंच लागलं. कठड्यावरून तिघांनी खाली डोकावलं. सूर्य थेट विहिरीत उतरला होता. हिरवंगार पाणी हळूहळू वर चढत होतं. त्यात तोंडबिंड काही नव्हतं.

"होतं! देवाशपथ होतं! त्या दगडी टप्प्यावर!" प्रणोती रडवेली झाली.

आल्हाद काहीतरी चिडवेल असं स्वानंदीला वाटलं होतं. पण तो सुस्कारा त्यानंही ऐकला होता. त्यानं मुकाट्यानं बहिणीचा हात धरला.

"ए पोट्ट्यांनो, वाकू नका तिकडे!"

नंदामावशी खोलीच्या दारात उभी होती. विहिरीला लागून एक खोली, त्यात ती वीस वर्षं राहत होती. मंडळाची झाडलोट, किल्ल्या, पाणी सोडणं, सगळं तिच्याकडे. स्वानंदीची आई शाळेत शिकवायची, त्यामुळे स्वानंदी पहिलीपासून दुपारचा वरण-भात या दारात बसूनच जेवली होती. आज त्या दारात एक लोखंडी पेटी होती, अर्धी भरलेली.

"मावशी, कुठे चालली?" स्वानंदीनं विचारलं.

"मझौलीला. भावाकडे." मावशी लुगडं घडी घालत राहिली. "रविवारी सभा आहे नं. दोन मोटरी जळल्या, ही तिसरी पण अशी मधूनच बंद पडून राहिली. भय्यासाहेब म्हणतात, विहिरीला बाधा झाली, भुताखेताची. वर स्लॅब टाकून बंद करायची आणि बोअर खणायची. बोअरची गाडी आत यायला जागा पाहिजे. म्हणून ही खोली पाडतील. भाऊ रविवारी टेम्पो पाठवून राहिला."

"आणि परत कधी येशील?"

मावशीनं लुगडं पेटीत ठेवलं आणि दुसरं उचललं. मावशी नसलेलं मंडळ तिला डोळ्यांपुढं आणताच येईना.

"तो सुस्कारा तू पण ऐकलास?" आल्हादनं हळूच विचारलं.

"महिना झाला, रोज ऐकून राहिली. मी म्हणते, माझ्यासाठीच टाकत असेल."

एवढ्यात फाटक वाजलं. मंडळाचे सचिव भय्यासाहेब आले होते. शुभ्र झब्बा, कपाळाला गंध, आवाज सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. मंडळात भय्यासाहेबांचा शब्द चाले आणि घरी त्यांच्या बायकोचा, बेबीताईंचा, असं गल्लीत म्हणत.

"मुलांनो! विहिरीजवळ फिरकायचं नाही म्हणून सांगितलं होतं नं?" ते गरजले. मग आवाज एकाएकी बारीक झाला. "काही... काही दिसलं का?"

प्रणोतीनं तोंड उघडलं. स्वानंदीनं तिच्या पायावर पाय दिला. "कासव दिसलं, काका."

"अच्छा, कासव!" भय्यासाहेबांनी रुमालानं मान पुसली. मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. विहिरीपासून दहा पावलांवर पायातल्या चपला काढल्या, त्या तापलेल्या फरशीवर एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत हात जोडले आणि विहिरीत न बघताच झपाट्यानं निघून गेले.

"भूत आहे म्हणतात आणि पाया पडतात?" आल्हाद म्हणाला. "भुतापुढं कोणी चपला काढते का?"

स्वानंदीही तेच म्हणणार होती.

संध्याकाळी तिघांनी मुरलीधर आजोबांना गाठलं. स्वानंदीचे आजोबा फॅक्टरीत छत्तीस वर्षं फिटर होते. यंत्र बिघडलं की ते आधी त्याच्यावर हात ठेवून डोळे मिटत. आजी म्हणायची, एवढ्या मायेनं माझा ताप कधी बघितला नाही!

"मोटर चालू असताना बाई दिसते, बंद झाली की सुस्कारा येतो आणि बाई गायब," त्यांनी सगळं ऐकून मुद्दे बोटांवर मोजले. "म्हणजे बाईचं आणि पंपाचं काहीतरी नातं आहे. उद्या पंप वर घेऊ. पण एक अट! मी सांगितल्याशिवाय वायरीला हात नाही, आणि कठड्यावर पोट टेकून कोणी लोंबकळायचं नाही."

शुक्रवारी सकाळी आजोबांनी फ्यूज काढून आपल्या खिशात टाकला. नंदामावशीनं गडगडीच्या चाकावर दोर चढवला. आजोबा, मावशी, आल्हाद आणि स्वानंदी, चौघांनी ओढायला सुरुवात केली. काळा पाईप सापासारखा वर येऊ लागला. प्रणोतीचं काम बाजूला उभं राहून बघायचं होतं आणि तेच तिला सगळ्यात अवघड जात होतं.

"आला! आला!" ती ओरडली. मग तिची किंकाळीच फुटली. "केस! त्याला केस आहेत!"

चौघांच्या हातातला दोर सुटता सुटता राहिला. पाण्यातून वर आलेल्या पंपाला खरोखरच लांब काळे केस होते! ओले, गुंतलेले, पाणी टपकत असलेले. त्यांच्याभोवती हिरव्या साडीचा फाटका पदर. कवठाची पानं खरखरली आणि आल्हादच्या पाठीतून थंडगार शिरशिरी गेली, भर मे महिन्यात!

"देवा रे," नंदामावशी पुटपुटली.

"दोर धरा!" आजोबा म्हणाले. "घाबरायचं ते पंप खाली ठेवून घाबरा."

पंप फरशीवर आडवा झाला. आजोबांनी खिशातला चाकू उघडून केस एकेक कापले, बोटात घेऊन चोळले. "गंगावन," ते म्हणाले. "बायका वेणीत घालतात ते. महालक्ष्म्यांना पण घालतात. आणि हे बघा, जानवं. हा गजऱ्याचा दोरा. ही देवाची वस्त्रं, आणि ही देवीची जुनी साडी." पंपाच्या मध्यावर पाणी ओढून घेणारी तोंडं होती. ती सगळी या गुंत्यानं गच्च बुजली होती.

नंदामावशीनं बादल्या काढायचा लोखंडी गळ आणला. स्वानंदीनं तो दोरानं खाली सोडला आणि फिरवला. पहिली पिशवी वर आली. मग दुसरी. मग येतच राहिल्या! कुजलेलं निर्माल्य, देवांची जुनी चित्रं, आरतीची पुस्तकं आणि प्लास्टिकात बांधलेल्या लग्नपत्रिका. पत्रिकांवर गणपती, म्हणून कचऱ्यात टाकवत नाहीत; नर्मदा लांब, म्हणून विहीर जवळची.

"ही जोशांची! ही आमच्या मधल्या काकांची!" आल्हाद नावं वाचत सुटला. "अख्खं मंडळ आहे यात! आजोबा, ही दिनदर्शिका..." तो थांबला. दिनदर्शिकेवर दत्ताचं चित्र होतं आणि कोपऱ्यात फॅक्टरीतल्या पाळ्या बारीक अक्षरांत लिहिलेल्या होत्या. ते अक्षर घरात सगळ्यांना माहीत होतं.

आजोबांनी त्या अक्षरावरून बोट फिरवलं.

"माझी एकच पिशवी होती," ते म्हणाले. "प्रत्येकाची एकच असेल, नाही का? छत्तीस वर्षं यंत्रं सांभाळली आणि हे कळलं नाही. लाज वाटते रे."

त्यांचा चेहरा बघून आल्हादनं दिनदर्शिका हळूच पोत्याच्या तळाशी सारली.

संध्याकाळपर्यंत अकरा पोती भरली. तरी टप्प्याखालच्या गाळात कितीतरी उरलंच होतं.

"सगळं काही निघायचं नाही," आजोबा म्हणाले. "म्हणून पंपाला कवच करू. स्वानंदी, तुला ताप आला की आई काय करते?"

"ओल्या पट्ट्या ठेवते."

"मोटरला पण तेच लागतं. तिच्या अंगावरून सारखं पाणी वाहायला पाहिजे. आपल्या पंपात मोटर खाली, तोंडं तिच्या वर. उघड्या विहिरीत पाणी वरच्या वर तोंडात शिरते, खालची मोटर तापून राहते. त्यात तोंडं बुजलेली! तापली की मोटर आपोआप बंद पडते. बंद पडली की पाईपातलं पाणी धाडकन खाली जाते आणि हा सांधा ढिला आहे नं, त्यातून हवा आत ओढली जाते."

आल्हादनं पाईपाच्या सांध्यावर ओठ लावून हवा ओढली. "हूऽऽऽ..."

तोच सुस्कारा! प्रणोती दचकली आणि मग हसली. पण लगेच तिनं विचारलं, "मग बाई?"

"आधी पंप चालू करू, मग बाईला विचारू," आजोबा म्हणाले.

आजोबांची योजना साधी होती. मंडळाच्या मागं पडलेला रुंद प्लास्टिकचा पाईप घ्यायचा. पंप त्यात उभा करायचा. वरचं आणि खालचं तोंड रबरानं गच्च बंद, पाईपाला फक्त खालच्या टोकाशी भोकं. म्हणजे पाण्याला खालूनच आत यावं लागेल आणि मोटरला गोंजारत वर चढावं लागेल. भोकांवर बारीक स्टीलची जाळी.

"भोकं किती?" प्रणोतीनं वही उघडली.

"बारीक. तीनशे."

"तीनशे!" आल्हाद कळवळला. शनिवारी सकाळी आजोबा जाळी आणायला बाजारात गेले. ते जाताच आल्हादनं हातड्रिलला सगळ्यात जाड बिट लावून पंधरा मोठी भोकं पाडली आणि स्वतःवर खूश होऊन बसला. आजोबा आले. त्यांनी खिशातला रुमाल एका भोकाशी धरला. रुमाल अलगद आत गेला.

"याला चाळण नाही, दार म्हणतात," ते एवढंच म्हणाले. तो तुकडा कापून टाकावा लागला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आता आल्हाद एकेक बारीक भोक पाडत होता. नंदामावशी पाईप घट्ट धरून बसली, स्वानंदीनं खुणा केल्या, प्रणोती मोजत राहिली. दोनशे नव्व्याण्णवावर तिनं हात वर केला आणि शेवटचं भोक स्वतः पाडलं.

साडेअकराला कवच घातलेला पंप पाण्यात उतरला. आजोबांनी सांधा घट्ट केला, मावशीला टाकीचा नळ सोडायला सांगितलं, खिशातला फ्यूज बसवला आणि बटण दाबलं. मोटर घुमू लागली.

सगळे कठड्यापासून हातभर दूर उभे राहिले. पाणी एक बोट उतरलं, मग वीतभर. उन्हाची तिरीप भिंतीवरून खाली सरकत होती. टाकीत पाणी कोसळत होतं. बारा वाजले. ऊन थेट पाण्यावर पडलं.

आणि दगडी टप्प्यावर, हिरव्या पाण्यातून, सावकाश एक कपाळ वर आलं.

मग डोळे. टपोरे, काळे, सताड उघडे. ते थेट वर बघत होते!

नंदामावशीनं स्वानंदीचं मनगट इतकं दाबलं की वळ उठले. आल्हादनं डोळे मिटून घेतले. पण मोटर बंद पडली नाही, सुस्कारा आला नाही. पाणी आणखी उतरलं आणि गाल दिसले, ओठ दिसले.

"अरे," प्रणोती म्हणाली. "तिचं नाक चेपलंय!"

ज्याचं नाक चेपतं, त्या भुताची भीती काय राहणार? आल्हादनं एक डोळा उघडला. "पितळेचं आहे! मुखवटा!"

स्वानंदीनं टोपली दोरानं टप्प्यावर सोडली, गळानं मुखवटा हळूच टोपलीत ढकलला आणि वर ओढला. पितळ हिरवं-काळं पडलं होतं, पण रंगवलेले डोळे अजून लख्ख होते. नंदामावशीनं तो दोन्ही हातांनी उचलून घेतला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"ही ज्येष्ठा आहे. बेबीताईंच्या घरची. महालक्ष्म्या दोघी बहिणी असतात नं, त्यातली मोठी. मागच्या भाद्रपदात माळ्यावरून नाहीशी झाली. तेव्हा त्यांच्या घरची चावी माझ्याकडे असायची. कोणी मला काही म्हटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी चावी परत मागितली." तिनं पदरानं मुखवटा पुसला. "मझौलीला मी काहून जाऊन राहिली, असं वाटते तुम्हाला? खोली पडते म्हणून? खोली दुसरी मिळेल. लोक माझ्याकडे बघतात ते मला बघवत नाही."

स्वानंदीला एवढा राग आला की तिचे कान तापले. तापलेल्या फरशीवर काढून ठेवलेल्या भय्यासाहेबांच्या चपला तिला आठवल्या.

"आजोबा," ती म्हणाली, "उद्याच्या सभेपर्यंत हे आपल्या पाच जणांतच राहू दे."

रविवारी साडेअकराला सभागृह भरलं. भय्यासाहेब उभे राहिले. "बंधुभगिनींनो! त्या विहिरीत बाधा आहे. माणसांनी हट्ट करू नये. आजच स्लॅबचा ठराव..."

"काका," स्वानंदी उभी राहिली. "पंप कालपासून चालू आहे. टाकी दोनदा भरली. आपण ठराव विहिरीजवळच करू नं! बाराच वाजून राहिले."

लोकांत कुजबुज झाली. खुर्च्या सरकल्या. बघता बघता सगळी सभा विहिरीभोवती गोळा झाली. मोटर एकसुरात घुमत होती. ऊन पाण्यावर उतरलं होतं.

भय्यासाहेब दहा पावलांवर थांबले आणि त्यांचे पाय चपलांतून आपोआप बाहेर आले.

"या नं काका," आल्हाद अगदी आदरानं म्हणाला. "पाणी कसं उतरलंय बघा. तो टप्पा पण दिसून राहिला."

"टप्पा?" भय्यासाहेबांचा चेहरा पांढरा झाला. त्यांनी डोळे गच्च मिटले. "ती... ती बघते आहे का वर?"

"कोण, काका?" स्वानंदीनं विचारलं.

सगळ्या माना भय्यासाहेबांकडे वळल्या.

"वर बघणारं कोणी आहे, असं आम्ही तुम्हाला सांगितलंच नाही," प्रणोती म्हणाली. "आम्ही तर कासव म्हटलं होतं!"

बेबीताई गर्दीतून पुढं आल्या. स्वानंदीनं टोपलीवरचं फडकं काढलं. ज्येष्ठा उन्हात चमकली. नंदामावशीनं तिला चिंचेनं घासून सोन्यासारखी केली होती. बेबीताईंनी आधी मुखवट्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"माझ्या हातून पडली गं माळ्यावरून," भय्यासाहेब डोळे मिटूनच बोलू लागले. "नाक चेपलं. तुला काय सांगू? खंडित देवी घरात कशी ठेवू? म्हटलं, विहिरीत सोडली की विसर्जन झालं. पण उन्हाळ्यात पाणी उतरलं आणि ती रोज वर येऊन बघू लागली! मला रात्री झोप नाही. म्हणून म्हटलं, स्लॅब..."

"आणि नंदाबद्दल मी काय विचार केला, ते माहीत होतं तुम्हाला," बेबीताई म्हणाल्या. "नऊ महिने."

भय्यासाहेबांचा तो सभागृहभर घुमणारा आवाज त्या दिवशी काही परत आला नाही.

आजोबांनी मग अकरा पोती दाखवली आणि सगळ्यांत आधी स्वतःची दिनदर्शिका वर काढून धरली. "ही माझी. आपापली ओळखा." बरेच लोक आपापल्या पायांकडे बघू लागले. "आणि हे कवच! मोजून तीनशे भोकं. फॅक्टरीत इतकं चोख काम मी फार थोड्यांच्या हातून बघितलं. शाबास रे पोरांनो!"

"दोनशे नव्व्याण्णव त्यांची, एक माझं!" प्रणोतीनं दुरुस्ती केली. सभा हसली आणि स्लॅबचा ठराव कोणी पुन्हा काढलाच नाही.

बेबीताईंनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला. त्यातली एक चावी सोडवून त्या सगळ्यांच्या देखत नंदामावशीपुढं उभ्या राहिल्या. "नंदा, ही तुझी. मी मागायलाच नको होती. मला माफ कर." मावशीनं आधी टोपलीतली ज्येष्ठा त्यांच्या हातात दिली, मगच चावी घेतली.

"नाक मी सरळ करून देतो," आजोबा म्हणाले. "अर्ध्या तासाचं काम. विचारलं असतं तर भाद्रपदातच करून दिलं असतं!"

एवढ्यात फाटकाशी भोंगा वाजला. मझौलीचा टेम्पो आला होता. "नंदाबाई का सामान कहाँ है?" ड्रायव्हरनं विचारलं.

नंदामावशीनं अकरा पोत्यांकडे बोट दाखवलं. "ये रहा, भैया. नर्मदेवर, ग्वारीघाटच्या विसर्जन कुंडावर सोडून द्या."

पोत्यांसोबत कुणीतरी जायला हवं होतं. बेबीताईंनी नुसतं बघितलं आणि भय्यासाहेब पोत्यांवर चढून बसले. टेम्पो निघाला तेव्हा त्यांचा शुभ्र झब्बा कुजलेल्या झेंडूनं पिवळा झाला होता.

सोमवारी दुपारी बारा वाजता तिघं पुन्हा विहिरीवर गेली. मोटर घुमत होती, ऊन पाण्यात उतरलं होतं. नंदामावशीनं प्रणोतीचा फ्रॉक मागून घट्ट धरला आणि तिघांनी खाली डोकावलं.

"दादा!" प्रणोती कुजबुजली. "पुन्हा तोंडं दिसून राहिली!"

खालच्या पाण्यात चार तोंडं होती. तिघांची, आणि त्यांच्यामागं हसणाऱ्या नंदामावशीचं.